चाळशी, लेकरं आणि अर्धी राहिलेली वही

मराठीत वयाच्या पहिल्या खुणेला स्वतंत्र नाव आहे. जवळचं वाचायला लागणारा चष्मा म्हणजे चाळशी. लेकराच्या तापाच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचताना हात आपोआप लांब जातो, तेव्हा ती दारात आलेली असते. पण त्याच आठवड्यात रात्री तीनदा उठणं झालेलं असतं, कवितेची ओळ चार दिवस अडलेली असते, मनगट दुखत असतं, पोरावर विनाकारण आवाज चढलेला असतो. हे सगळं एकाच खात्यावर, वयाच्या नावे टाकायची घाई होते. तिथेच चूक होते. थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, अपुरी झोप, चुकीच्या जागी टांगलेला दिवा अशा दुरुस्त होणाऱ्या गोष्टी ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिल्या जातात, आणि त्यांच्यासोबत लिहिणं, गाणं, चित्र काढणंही सुटतं.

पुढे दिलेलं काम नागपुरात राहणाऱ्या, साधारण ३८ ते ५० वयाच्या, घरात शाळकरी किंवा त्याहून लहान मूल असलेल्या आणि एखादी कला धरून ठेवू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. शिंप्याचा टेप, वही, मोबाइलमधलं घड्याळ आणि घरचं रक्तदाबाचं यंत्र एवढं पुरे.

आधी दोन आठवड्यांची वही

शाळेची साधी १०० पानी वही घ्या. रोज एक ओळ, पाच रकाने: झोप किती तास आणि किती वेळा उठावं लागलं, कलेला मिळालेली मिनिटं, ती दिवसाच्या कोणत्या वेळी मिळाली, नेमकं काय अडलं, शेवटचा चहा किती वाजता. बाईने पाळीचा दिवसही लिहावा, आणि तिची वही दोन आठवड्यांऐवजी दोन पाळ्यांपर्यंत चालावी.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण वाया घालवतात. ‘थकवा आला’, ‘मूड नव्हता’ असं लिहिलं तर त्यातून काही निघत नाही. ‘रात्री ९.४० ला कोशातली बारीक अक्षरं दिसेनात’, ‘२० मिनिटं ब्रश धरल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ’, ‘तार षड्जावर आवाज फाटला’, ‘ओळीचा शेवट मनात होता, मधात शेंबूड पुसायला उठलो, परत आल्यावर गेलेला’ असं लिहा. यातली शेवटची नोंद वयाची नाही, व्यत्ययाची आहे. वही भरल्यावर असा फरक आपोआप दिसतो.

दोन आठवडे संपले की झोपेची चाचणी करा. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा सलग तीन रात्री प्रत्येकी किमान ७ तास अखंड झोप. लहान मूल असेल तर दुसऱ्या मोठ्या माणसाने मुलाला घेऊन वेगळ्या खोलीत झोपायचं, आणि पुढच्या आठवड्यात दोघांनी अदलाबदल करायची. ‘दोघंही तिथेच असू, तू उठू नको’ हे जमत नाही. रडण्याचा आवाज कानावर पडला की झोप मोडतेच. सोमवारी तीच कामं करून बघा. शब्द सापडायला लागले, चिडचिड निम्म्यावर आली, तर तो हिशोब वयाचा नव्हता. तीन रात्रींनंतरही जे जागचं हललं नाही, त्याच्यामागे लागायचं.

चहाचं गणित याच ठिकाणी सांगायला हवं. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी ६ चा कडक चहा रात्री ११ वाजता निम्मा अंगात असतो. विशीत गाढ झोप जास्त असते, म्हणून ते चालून जायचं. चाळिशीत ती मुळातच कमी झालेली असते. रात्री १० ला झोपायचं तर शेवटचा चहा दुपारी २ चा.

डोळे: टेपने मोजायची गोष्ट

डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळ बघताना ते पूर्वीसारखं फुगत नाही. हे सगळ्यांना होतं आणि कोणत्याही व्यायामाने थांबत नाही. किती झालं ते घरी कळतं. सकाळी खिडकीच्या उजेडात बसा. दूरचा चष्मा असेल तर लावून ठेवा. एक डोळा झाका, वर्तमानपत्रातला बारीक मजकूर हळूहळू जवळ आणा. अक्षरं फुटायला लागली की थांबा आणि डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. तीनदा करून सरासरी काढा, मग दुसरा डोळा. तिशीत हे अंतर १२ ते १५ सेंटिमीटर असतं, चाळिशीत २० ते २५, पन्नाशीत ४० च्या आसपास किंवा पुढे.

आता दुसरं माप: तुमच्या कामाचं अंतर. पुस्तक साधारण ४० सेंटिमीटर, लॅपटॉप ६० ते ६५, पेटीसमोर जमिनीवर ठेवलेली बंदिशींची वही ७० च्या पुढे, उभा कॅनव्हास हाताच्या लांबीवर. चष्म्याच्या दुकानात तुम्हाला ४० सेंटिमीटरवरचा तक्ता देतात, नंबर त्याचाच निघतो. मग तो चष्मा लावून लॅपटॉपपुढे बसलं की मान पुढे काढावी लागते आणि महिन्याभरात मानेचं दुखणं सुरू होतं.

हिशोब सोपा आहे. १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागलं की त्या अंतरावर किती ताकद लागते ते कळतं. टेपने मोजलेलं तुमचं किमान अंतर ३३ असेल तर डोळ्याची उरलेली ताकद ३, आणि त्यातली निम्मी, म्हणजे दीड, आरामात वापरता येते. ४० सेंटिमीटरवर वाचायला अडीच लागते, म्हणजे चष्म्याने एकची भर घालायची. ६५ सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपला दीडच लागते, म्हणजे तिथे चष्मा लागतच नाही. किमान अंतर ५० झालेल्या माणसाला पुस्तकासाठी दीड आणि लॅपटॉपसाठी अर्धा नंबर पुरतो. हा अंदाज आहे, तपासणीची जागा घेत नाही. पण ‘माझं काम ६५ सेंटिमीटरवर आहे, त्याच अंतरावर तपासा’ एवढं वाक्य दुकानात म्हणता येतं, आणि त्याने निम्मे चुकीचे चष्मे टळतात.

बायफोकलमध्ये जवळचा भाग खाली असतो. मोठ्या कॅनव्हासचा वरचा कोपरा रंगवताना हनुवटी वर करून खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणून चित्रकाराला ते जाचतं. प्रोग्रेसिव्हमध्ये एकाच काचेत वरून खाली नंबर हळूहळू बदलतो, आणि त्यातली स्पष्ट पट्टी अरुंद असते. डोळ्यांऐवजी मान वळवायची सवय लागायला दोन आठवडे जातात, आणि तोवर मुलाला कडेवर घेऊन जिना उतरू नका, कारण खालची पायरी धूसर दिसते. टेबलावर बसून काम करणाऱ्याने त्या कामाच्या अंतराचा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून टेबलावरच ठेवावा, हे आमचं स्पष्ट मत. सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळणारे तयार चष्मे डोळे बिघडवत नाहीत. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि तिरका नंबर नसतो इतकंच. स्वयंपाकघरात ठेवायला उत्तम, रात्री दोन तास संहिता वाचायला नाही.

मायनस नंबरवाल्यांची फसगत वेगळी होते. मायनस अडीचचा माणूस चष्मा काढला की ४० सेंटिमीटरवर सुरेख वाचतो, म्हणून त्याला वाटतं आपण सुटलो. काँटॅक्ट लेन्स लावली की मात्र लगेच कळतं.

उजेडाचा भाग नागपूरकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि ही घट चाळिशीत चालू झालेली असते. त्यात एप्रिल-मे मध्ये आपण खिडक्यांना पडदे लावतो, कूलर बसवलेली खिडकी तर पूर्णच बंद होते, आणि दुपारी १२ ला घरात संध्याकाळ असते. म्हणून ‘उन्हाळ्यात नजर एकदम उतरली’ अशी तक्रार मे महिन्यात येते आणि जुलैत जाते. टेबलासाठी ९ वॉटचा एलईडी दिवा, पांढऱ्या आणि पिवळ्याच्या मधल्या रंगाचा (खोक्यावर ४००० के लिहिलेलं असतं), कागदाच्या ४० ते ५० सेंटिमीटर वर. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली ओळीवर पडते. चित्रकाराने खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघावा. ९० च्या खाली असेल तर रात्री मिसळलेला तपकिरी सकाळी हिरवट निघतो.

कूलरचा झोत सरळ तोंडावर असेल तर डोळे कोरडे पडतात आणि अक्षरं मधूनच धूसर होतात. पापणी मिटली की परत स्पष्ट दिसत असेल, तर हा कोरडेपणा आहे, नंबर नाही. कूलरच्या पट्ट्या वळवा.

एका डोळ्याने अचानक कमी दिसणं, नजरेसमोर पडदा सरकणं, काळे ठिपके आणि विजेसारखे चमकारे एकदम सुरू होणं यासाठी त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. ‘पोराची परीक्षा संपली की जाऊ’ हे इथे चालत नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि मागची नस एकदा तपासून घ्यावीच, आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर नक्कीच. त्याची सुरुवातीला कसलीच जाणीव होत नाही. ही तपासणी चष्म्याच्या दुकानात सहसा होत नाही.

हात आणि खांदा

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतील तर घड्याळ लावा. अर्ध्या तासाच्या आत मोकळी होत असतील आणि दुखणं अंगठ्याच्या मुळाशी किंवा नखाजवळच्या सांध्यात असेल, तर ती बहुधा झीज. तासभर टिकत असेल, बोटांच्या मधल्या आणि मुळाच्या सांध्यांना सूज असेल, दोन्ही हातांना सारखंच असेल, तर तो संधिवात असू शकतो. तिथे वाट बघायची नाही. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात.

लहान बाळ असलेल्यांना वेगळंच दुखणं येतं. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ. अंगठा मुठीत घ्या, मनगट करंगळीकडे झुकवा. चटकन कळ आली तर अंगठ्याचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या वेष्टणाला सूज आहे. कारण बहुतेक वेळा एकच: बाळाच्या काखेत दोन्ही अंगठे रुतवून त्याला उचलणं. तळहात वर करून एक हात बुडाखाली आणि दुसरा पाठीखाली घाला, अंगठा बोटांना चिकटून ठेवा. अंगठा धरून ठेवणारा पट्टा चार ते सहा आठवडे लावा. नुसता मनगटाचा पट्टा आणला तर उपयोग होत नाही, आणि औषधाच्या दुकानात बहुतेकदा तोच हातात देतात.

रात्री अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दबते आहे. दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी ६० सेकंद एकमेकांना टेकवा. मुंग्या आल्या तर संशय पक्का. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री सहा आठवडे. साखर आणि थायरॉइड तपासा, दोन्हींमुळे हे होतं. करंगळीत मुंग्या येत असतील तर दुखणं मनगटात नाही, कोपरात किंवा मानेत शोधा.

लिहिणाऱ्यांनी बॉलपेन सोडावा. त्याला दाब द्यावा लागतो. जेल किंवा शाईचं पेन, आणि पकडायच्या जागी कापडी पट्टी गुंडाळून जाडी १२ मिलिमीटरपर्यंत. ब्रशच्या दांड्यालाही हेच. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं हात मोकळा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट १० अंशांच्या खालीही जाते. अशा दिवशी ५ वाजता तबल्यावर बसण्याआधी ५ मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवा. थंड हाताने जोरात बडवलं तर बोटं दिवसभर बोलतात.

खांदा चाळिशी ते साठीच्या मधात आखडतो. भिंतीला पाठ लावून उभं राहा, कोपर कमरेला चिकटवा, हात काटकोनात, आणि पंजा बाहेर वळवा. एक हात दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी वळत असेल तर आखडण्याची सुरुवात आहे. पाठीमागे हूक लावता न येणं नंतर येतं. हे एक ते तीन वर्षं चालतं, मधुमेहात जास्त होतं, आणि सुरुवातीला जबरदस्तीने ओढून व्यायाम केला तर दुखणं वाढतं.

आवाज

गाणाऱ्या आणि नाटकात काम करणाऱ्या आई-बाबांचा आवाज रियाजाने कमी आणि ‘अरे, डबा घेतला का’ने जास्त बसतो. स्वयंपाकघरातून तिसऱ्या खोलीत ओरडण्याऐवजी चालत जाऊन बोलायचं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण दिवसात असे चाळीस-पन्नास आघात होत असतात.

दुसरं कारण जेवणाची वेळ. रात्री साडेदहाला सावजी आणि पहाटे पाचला रियाज, दोन्ही एकत्र जमत नाहीत. आडवं पडल्यावर पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जाड, घशात काही अडकल्यासारखा. जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवून दोन आठवडे बघा.

हे दोन्ही काढून टाकल्यावरही वरचे स्वर ताणावे लागत असतील तर पट्टी उतरवण्यात काही कमीपणा नाही. काळी पाचला बसणारा षड्ज पांढरी सहावर किंवा काळी चारवर आणा. आधी १० मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं, खर्ज, मग मध्य सप्तक. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्या, तंबाखू-खर्ऱ्याची सवय असेल तर त्याआधीच.

वाफा की नागपूरचं ऊन?

पाळी जाण्याच्या वयात अंगात अचानक उसळणारी उष्णता म्हणजे वाफ, आणि नागपुरात हा प्रश्न थट्टेचा नाही. भारतात बायकांची पाळी जाण्याचं वय साधारण ४६-४७ आहे आणि बदल त्याआधी काही वर्षं सुरू होतात. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून नागपुरात ही खूण उशिरा लक्षात येते. फरक असा: वाफ छातीतून किंवा मानेतून सुरू होऊन चेहऱ्यावर चढते, एक ते पाच मिनिटं टिकते, पंख्याखाली कूलरसमोर बसलं असतानाही येते, धडधडतं, आणि उतरताना थंडी वाजते. उन्हाचा घाम गार जागी गेलं की थांबतो. जानेवारीच्या रात्री पांघरूण फेकावं लागलं तर शंका उरत नाही.

त्याच्या जोडीला पाळीचं अंतर सात दिवसांहून जास्त मागे-पुढे व्हायला लागतं, पहाटे ३-४ ला जाग येते, आणि बोलताना नेमका शब्द सापडत नाही. हे शेवटचं लिहिणाऱ्या बाईला फार घाबरवतं. बहुतेकींच्या बाबतीत ते झोपमोडीशी जोडलेलं असतं आणि पुढे सावरतं. तासातासाला पॅड बदलावं लागेल इतका रक्तस्राव, किंवा वर्षभर पाळी बंद राहून परत अंगावर जाणं, या दोन्हीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘या वयात असं होतंच’ हे शेजारणीचं मत बाजूला ठेवा.

पुरुषांमध्ये असा ठळक टप्पा नसतो. सकाळी उठल्यावरही थकवा, दुपारी गाडीवर पेंग आणि बायको सांगते तसं घोरताना श्वास मधात थांबणं, हे वय नसून झोपेतला श्वासरोध असू शकतो. ताकद वाढवण्याच्या जाहिराती त्यावर काही करत नाहीत.

विसरणं

नव्या माहितीवर झपाट्याने काम करण्याचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो. शब्दसंग्रह मात्र पुढची काही दशकं वाढत राहतो. म्हणजे लिहिणाऱ्याचं भांडवल वाढत असतं, फक्त ते बाहेर काढायला दोन सेकंद जास्त लागतात. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर अडकून तासाभराने आठवणं नेहमीचं. रोजच्या रस्त्यावर, म्हणजे धरमपेठेतून घरी येताना, चुकणं, तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारणं, हिशोब अजिबात न जमणं, हे नेहमीचं नाही.

मूल असलेल्याचं खरं नुकसान व्यत्ययाने होतं, त्याला उपाय आहे. जागचं उठण्याआधी, दारावरची बेल वाजत असली तरी, एक ओळ लिहायची: ‘पुढे: काकू पत्र लपवते, का ते सांगायचं नाही.’ चित्रात: ‘पुढे: आकाश वाळलं की डावीकडचं झाड.’ वीस सेकंद लागतात. ही ओळ नसेल तर परत आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं मागचं वाचण्यात जातात, आणि चाळीस मिनिटांच्या बैठकीत ते परवडत नाही.

रक्त आणि दाब

एकदाच, नीट यादी करून तपासा: संपूर्ण रक्तगणना, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), टीएसएच (थायरॉइडसाठी), चरबीचं प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), आणि शाकाहारी असाल तर बी-१२. रामदासपेठ-धंतोलीतल्या खाजगी पॅथॉलॉजीत जा किंवा मेडिकल-मेयोच्या ओपीडीत. सरकारी ठिकाणी सकाळी लवकर गेलात तरच मुलांच्या शाळा सुटायच्या आत घरी याल.

हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर थकव्याचं कारण तिथेच बसलंय. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथे विदर्भाची खास अडचण आहे: आपल्याकडे सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेल असलेल्यांचा एचबीएवनसी फसवा निघू शकतो, नुसते वाहक असलात तरी तपासायच्या काही पद्धतींमध्ये तो चुकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा एचबीएवनसी आणि प्रत्यक्ष साखर यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरला तसं सांगा आणि साखरेच्या आकड्यांवर भर द्या.

दुसरी फसगत केसांच्या गोळ्यांची. त्यात बायोटिन भरपूर असतं आणि त्याने थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा.

रक्तदाब दवाखान्यात धावत जाऊन मोजला तर वाढलेलाच दिसतो. घरी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडावर पट्टा, हात छातीच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टर. मांडीवर लेकरू घेऊन घेतलेला आकडा वहीत लिहू नका.

स्नायूंचं एका परिच्छेदात उरकतं. बिनहाताच्या खुर्चीवरून हात छातीवर बांधून पाच वेळा उठा-बसा. चाळिशीत हे १० सेकंदांच्या आत व्हायला हवं. नसेल होत तर आठवड्यातून दोनदा बैठका आणि भिंतीवरचे जोर, १०-१० चे तीन फेर. अंबाझरी किंवा फुटाळ्याला रोज फिरणं चांगलंच, पण फिरण्याने मांडीची ताकद फारशी वाढत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ५०. एक वाटी वरणात (३० ग्रॅम डाळ) ७, अंड्यात ६, २५ ग्रॅम शेंगदाण्यात ६. तर्री पोह्यांच्या एका प्लेटवर सकाळ काढली तर दिवसअखेर हा आकडा भरत नाही.

पांढऱ्या केसांबद्दल एवढंच: काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. बाकी तुमची मर्जी.

वेळ बसवणं

रोज दोन तासांचा संकल्प पाचव्या दिवशी मोडतो, कारण त्या दिवशी कोणाला तरी ताप असतो. आठवड्यात ५० मिनिटांच्या तीन बैठका धरा आणि चौथी राखीव ठेवा. कोणत्या वेळी ठेवायच्या ते तुमची वही सांगते: ज्या वेळच्या नोंदींत ‘काय अडलं’ रकाना रिकामा आहे, ती तुमची वेळ. बारीक काम, म्हणजे मुद्रितं तपासणं, रेषाटन, नोटेशन, दिवसाच्या उजेडात. वाक्यांची जुळवाजुळव, पाठांतर रात्री.

नागपूरचं वर्ष सारखं नसतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मुलं मे आणि बहुतेक जून घरात, दुपार तापलेली, खोली अंधारलेली. या दिवसांत नवं मोठं काम सुरू करू नका. पहाटे ५ ते साडेसहा एवढाच खरा वेळ मिळतो, त्यात जुनं दुरुस्त करा. नवा मसुदा जुलै ते सप्टेंबरसाठी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कार्यक्रमांचे दिवस. देशपांडे सभागृहात प्रयोग असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवशीची बैठक आधीच रद्द धरा. रात्री १२ ला घरी आल्यावर पहाटेचा गजर लावणं म्हणजे पुढचे तीन दिवस घालवणं.

सहा-सात वर्षांवरच्या मुलाला ‘दार लागलंय म्हणजे काटा संपेपर्यंत थांब’ हे समजतं. स्वयंपाकघरातलं किल्लीचं टायमर २५ वर लावून त्याच्याच हातात द्या, आणि वाजल्यावर खरंच बाहेर या. एकदा ‘आणखी पाच मिनिटं’ म्हटलं की पुढच्या वेळी दार वाजायला लागतं. चार वर्षांखालच्याला हे कळत नाही. त्याच्या दुपारच्या झोपेत बसा, आणि त्या वेळेत भांडी घासायची नाहीत हे आधी ठरवा. आजी-आजोबा जवळ राहत असतील तर ‘कधीतरी सांभाळा’ असं न म्हणता मंगळवार ५ ते ६ असा ठरलेला वार मागा. त्यांनाही तेच सोयीचं पडतं.

मोजमाप वर्षातून दोनदा परत: एकदा शाळा उघडल्यावर पहिल्या रविवारी, एकदा दिवाळीची सुटी संपताना. डोळ्याचं अंतर, अंगठ्याची आणि खांद्याची चाचणी, खुर्चीवरून उठणं, आठवडाभर रक्तदाब. रक्तदाब सोडला तर अर्धा तास पुरतो. टेप वहीतच गुंडाळून ठेवा, कारण शिवणाच्या डब्यात ठेवला की तो मुलांच्या प्रोजेक्टसाठी जातो आणि परत येत नाही.